खालच्या सुराच्या दोघी

माझी आई आणि काकू, सख्ख्या जावा. हट्टाच्या बाबतीत एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. लग्नाआधी दोघी चर्चच्या गायनशाळेत एकाच बाकावर बसायच्या. तिथे त्यांच्या अंगात एक गोष्ट मुरवली होती: लांब सूर धरायचा तर शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही. ती थांबेल तेव्हा तू गा, तू थांबशील तेव्हा ती गाईल. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटला पाहिजे.

पुढे स्वयंपाकघर वेगळं करण्यावरून दोघींचं बिनसलं आणि अबोला धरला तो कायमचा. एकाच जिन्यावर राहूनही दोघींत विस्तव जात नव्हता. रविवारी मात्र गायकवृंदात दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, कारण खालचा सूर फक्त त्यांचाच. तोंड बघायचं नाही, पण श्वास कान देऊन ऐकायचा. मला याचं हसू यायचं आणि संतापही.

मग काकूच्या फुप्फुसांनी दगा दिला. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. गायनमास्तरांनीही तिला रांगेतून उतरवलं.

"आता तरी बोल तिच्याशी," मी आईला म्हटलं.

"मोठी मी आहे. तिनं यावं."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते हेच.

त्या रविवारी काकू पहिल्यांदाच लोकांमध्ये बसली, माझ्या शेजारी. शेवटच्या स्तोत्रात लांब सूर आला. आईनं तो धरला आणि सवयीनं, नेहमीच्याच जागी, श्वासासाठी सोडला. खाली एकदम पोकळी झाली. वरचे आवाज डळमळले. मास्तरांचा हात हवेतच राहिला.

तेवढ्यात काकू बसल्या जागेवरून गाऊ लागली. आवाज पार फाटका, पण सूर तोच. आईनं श्वास भरून तो पुन्हा उचलला, तेव्हाच ती थांबली आणि खोकत माझ्या खांद्यावर टेकली. मला रडू आवरेना.

प्रार्थना संपताच आई गायकवृंदाचा झगाही न उतरवता खाली आली. मला उठवून माझ्या जागी बसली.

"फार त्रास होतोय का गं?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांनी विचारलं, आणि काकूकडे उत्तर देण्यापुरताही श्वास नव्हता. तिनं आईचा हात नुसता धरून ठेवला. चर्च रिकामं झालं तरी आई उत्तराची वाट बघत बसून होती.