गावडेदादांची चूक

फोनवर 'गावडेदादा गॅरेज' असं नाव दिसलं म्हणून मी लगेच उचलला आणि म्हटलं, "बोला दादा, झाली का गाडी?" पलीकडून त्यांच्या मुलीचा, प्राचीचा आवाज आला. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा झाल्यावर खुर्चीत बसले ते तसेच..." वेड्यासारखं मी विचारलं, "चहा पूर्ण प्यायले होते का गं?" ती म्हणाली, "हो ताई. कपसुद्धा विसळून ठेवला होता." याला आता सहा आठवडे होतील.

मी फिजिओथेरपिस्ट. मुलुंड ते घाटकोपर, घरोघरी जाऊन पेशंट बघते, त्यामुळे माझी छोटी गाडी म्हणजे माझा दवाखानाच. ती चौदा वर्षं गावडेदादांनी सांभाळली. मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल गाळ्यात त्यांचं गॅरेज. माणूस बुटका, आवाज मोठा. गाडी आत शिरली की आधी बॉनेटवर हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग मला विचारायचे, "काय त्रास होतोय?" गाडीला की मला, ते कधीच कळलं नाही. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सुनावलं होतं, "ताई, क्लच म्हणजे पायपुसणं नाय. कामाशिवाय पाय ठेवू नका." मला राग आला होता. पण पुढच्या वेळी मी त्यांच्याकडेच गेले.

तीन वर्षांपूर्वी गाडीने अचानक दम सोडला. सपाट रस्त्यावर ठीक, चढ आला की धापा. एक्सिलरेटर दाबावा तर पुढे जायच्या ऐवजी आचके. दादांनी प्लग बदलले, पेट्रोलची लाइन साफ केली. दोन दिवस बरं वाटलं. त्याच आठवड्यात मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ऐरोलीला घेऊन निघाले आणि ऐन खाडीपुलावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट, ऊन मी म्हणत होतं आणि ऐंशी वर्षांची आई मागच्या सीटवर. टोइंगवाला यायला तास गेला. त्या तासात मी दादांना फोनवर नाही नाही ते बोलले. "जमत नसेल तर तसं सांगा ना! माझ्या आईला काही झालं असतं तर?" ते फक्त "हो ताई, हो ताई" म्हणत राहिले.

टोइंगवाल्याने गाडी एका मोठ्या वर्कशॉपला नेली होती; दुसऱ्या दिवशी ती आणि तिथला कागद घेऊन मी दादांच्या गॅरेजमध्ये गेले. त्यात लिहिलं होतं, फ्युएल पंप बदला, क्लच बदला, नाहीतर गाडी विका. दादांनी कागद वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "बदलायचं ते बदलू. पण आधी माझ्या बाजूला बसा." त्यांनी गाडीला स्कॅनर लावला. इंजिन सुरू होतं, स्क्रीनवर आकडे नाचत होते. "हा बघा, इंजिन किती हवा आत घेतंय ते सांगणारा सेन्सर. हा जेवढी हवा सांगतो, तेवढंच पेट्रोल सुटतं. मला वाटतं हा कमी सांगतोय. म्हणजे इंजिन उपाशी." मग त्यांनी उतरून सेन्सरची पिनच काढून टाकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. "आता इंजिन त्याचं ऐकणार नाय, अंदाजाने चालेल. चला." आम्ही जवळच्या उड्डाणपुलावर गेलो आणि गाडी सरळ वर चढली... जराही न अडखळता. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "झकास दादा! सापडला चोर!"

ते हसले नाहीत. गॅरेजमध्ये परत आल्यावर त्यांनी सेन्सर उघडला. आत केसासारखी बारीक तार, तिच्यावर तेलाचा तुकतुकीत थर. त्यांनी तो बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिला. मग एअर फिल्टर बाहेर काढून बोटाने चाचपला आणि खाली स्टुलावर बसले. "ताई, ही चूक माझी," ते म्हणाले. "मागच्या सर्व्हिसिंगला हा धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर मीच बसवला. त्याला थोडंसंच तेल लावायचं असतं, मी जास्त लावलं. तेच उडून तारेवर बसलं. काल आईंना जे झालं ते माझ्यामुळे झालं." हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. मी तर त्यांचे आभार मानायच्या बेतात होते.

सेन्सर साफ करून भागलं नाही, नवीन घातला. संध्याकाळी गाडी द्यायला ते स्वतः घरी आले. अंगात स्वच्छ शर्ट, पण नखांत ग्रीस तसंच. आईसमोर उभे राहून म्हणाले, "आई, माफ करा. माझ्या चुकीने तुम्ही उन्हात अडकलात." आईने त्यांना नीट न्याहाळलं आणि मालवणीतच गाव विचारलं. "तू खंयचो रे?" "आचऱ्याचो." "मग बस. अरे, तुझ्यामुळे माका खाडीत फ्लेमिंगो दिसले! ही मेली कधी गाडी थांबवता?" दादा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. की ते आधीपासूनच होतं, कोण जाणे. त्यानंतर आईला मुलुंडमध्येच मालवणीत भांडायला एक हक्काचा माणूस मिळाला. मासे शिळे की ताजे यावर दोघं तासभर बोलायची. दादा गेल्याचं मी आईला दोन दिवस सांगू शकले नाही. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्याआधी गेलो? ह्या काय त्याचा बरा नाय."

दादा गेल्यापासून गॅरेजमध्येच राहिलेली गाडी आणायला मी मागच्या आठवड्यात गेले. गॅरेज आता प्राची आणि दादांचा जुना मेकॅनिक रफिकभाई बघतात. प्राचीने मला हत्यारांच्या लोखंडी कपाटापाशी नेलं आणि दाराची आतली बाजू दाखवली. चौदा वर्षांत ती मी कधी पाहिलीच नव्हती. वरपासून पांढऱ्या मार्करने, दादांच्या तिरक्या अक्षरात, एकाखाली एक ओळी. कुठल्या गाडीचा नट सैल राहिला, कुठे चुकीचं ऑइल पडलं... प्रत्येक ओळीच्या शेवटी 'माझी चूक'. मधे कुठेतरी माझी गाडी सापडली: 'फिल्टरला तेल जास्त. सेन्सर गेला. आईंना त्रास. माझी चूक.' मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "कपाट रंगवायला काढलंय," प्राची म्हणाली, "पण हे दार नाही रंगवायचं."

दादांची शेवटची ओळ खाली होती. तिच्याखाली मात्र एक नवी ओळ होती. मार्कर ताजा, अक्षर वेगळं, शुद्धलेखन चुकलेलं. मी रफिकभाईंकडे पाहिलं. ते मान वळवून पाना पुसत राहिले.

'कुलंटचं झाकन ढिलं राहिलं. माझी चूक. रफिक.'