गाडी घेऊन कुठे जाता?

वडिलांच्या जुन्या जीपमध्ये मी डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि कटकट मागे लावून घेतली. साठच्या पुढे इंजिन नुसतं किंचाळायचं. मागच्या एक्सलमधली क्राउन-पिनियनची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांची, जोडी जुन्या पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाची होती, ती बदलणं भाग होतं. निजामपुऱ्यातल्या गुजराती मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "साहेब, गाडी लईने क्यां जाव छो?"

"हायवेला," मी तोऱ्यात म्हणालो.

त्यांनी वेगाची जोडी बसवली: पळायला जास्त, ओढायला कमी. ट्रायलला सावली गावापर्यंत जीप काय सुंदर पळाली! हायवे झाला तो तेवढाच. पुढचं दीड वर्ष घराजवळच्या गोत्री भागातले स्पीडब्रेकर. प्रत्येक ठिकाणी गाडी जागची हलायला कुरकुरायची, क्लचचा जळका वास यायचा आणि माझा डावा गुडघा ठणकायचा. वैताग आला नुसता.

शेवटी परत एक्सल उघडायला गेलो. मिस्त्रींनी तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारला. या वेळी तोरा दाखवायचं त्राण नव्हतं, म्हणून खरं ते सांगत गेलो: ऑफिस, भाजी, आईला आठवड्यातून दोनदा दवाखाना, गॅसचा बाटला, परत ऑफिस. सांगता सांगताच कळलं, यातल्या एकाही ठिकाणी जाताना टॉप गिअर लागत नाही.