सुनावणी तळमजल्यावर

सुनावणीची तारीख असली की मोशीहून काकांना माझ्याच रिक्षातून नेतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फाइल, खिशात दोन पेनं. सरकारी कारकुनी सुटली तरी सवय गेली नाही, चहावाल्यालासुद्धा सांगतात, "साखर कमी, नोंद घ्या."

अपघातात पाय गेले, त्यानंतर त्यांचं टेबल लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर हलवलं आणि पुढे गैरहजर म्हणून बडतर्फ केलं. त्याविरुद्ध त्यांचं अपील आहे. परवा त्याची सुनावणी होती, तीही अपिलाच्या कचेरीत वरच्याच मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट बंद.

शिपाई म्हणाला, "काका, चौघं मिळून उचलून नेतो."

"नको. उद्या तुम्हीच लिहाल, वर येता येतं म्हणून."

त्यांनी चाकाची खुर्ची जिन्याच्या पायरीला भिडवली, फाइलवर कागद ठेवून साहेबांनी सुनावणी खाली येऊन घ्यावी असा अर्ज लिहिला आणि वर पाठवला. तासभर ताठ बसून होते. चुळबुळ माझीच चालली होती.

"काका, साहेब चिडले मंग?"

"चिडू देत."

शेवटी साहेब खाली उतरले. ते बसायच्या आत काका म्हणाले, "साहेब, सुनावणी कुठे झाली, तेवढी नोंद घ्या."

साहेबांनी खिसा चाचपला. काकांनी आपलं दुसरं पेन पुढे केलं.