दामूकाकांचा पंचा आणि बर्फाची पेटी

दामूकाकांच्या पडवीत कुणीही पाऊल टाकलं, की त्यांचा उजवा हात खांद्यावरच्या पंच्याकडे जायचा आणि समोर जे काही असेल ते झाकलं जायचं. नमस्कार नंतर, 'या, बसा' त्याच्याही नंतर. मी नोकरीसाठी बोईसरला आलो आणि खोली भाड्याने मिळेल का विचारायला त्यांच्या वाडीत शिरलो, तेव्हाही तसंच झालं. आधी पंचा पडला, मग काकांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहत त्यांनी पंच्याखाली हात घातला आणि आतून अर्धं सोललेलं केळं काढून खायला सुरुवात केली.

"सवय हो," ते म्हणाले. "उघडं ठेवलं का गेलं."

"माकडं येतात का इकडे?" मी विचारलं.

"माणसं येतात," काका म्हणाले.

खोली मला मिळाली. पुढे चार वर्षं त्यांच्या आवारात राहिलो आणि हे झाकणं कुठून आलं ते हळूहळू कळत गेलं. काका दागिन्यांच्या डाय करायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी खोल कोरायची, तिच्यात सोन्याचा नाहीतर पितळेचा पातळ पत्रा ठोकून बसवला की हाराचं पान, कुडीचं फूल उठून येतं. त्या भागात हे काम अनेक घरांतून चालतं. काका सकाळी आठला डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या कैरीत पंधरा-पंधरा दिवस घालवायचे. ती कैरी मुंबईचे शेठ घेऊन जायचे आणि तिच्यावरून हजारो कैऱ्या निघायच्या. सगळी किंमत त्या एका खड्ड्याची. नक्षी दुसऱ्याने उचलली की खड्डा फुकट.

आणि ती उचलायला काही दरोडा घालावा लागत नाही. काकांच्या उमेदीच्या काळात एक पाहुणा आला होता. गोड बोलला, चहा प्याला, बोलता बोलता एक डाय तळहातावर दाबून परत ठेवली आणि गेला. तळहातावर उठलेली नक्षी त्याने फाटकाबाहेर उभं राहून कागदावर उतरवून घेतली. महिन्याभरात तेच पान बाजारात. तेव्हापासून काकांच्या घरी पाहुण्याला चहा द्यायची एक रीत पडली. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात चिवड्याची बशी. बशी ठेवायला जवळपास टेबल नाही, स्टूल नाही. पाहुणा बिचारा बशीतला चिवडा खायचा तरी कसा, या विवंचनेत पडायचा. मी पहिल्या दिवशी कप गुडघ्यांत धरून खाल्ला.

"दोन्ही हात गुंतले पायजेत पाव्हण्याचे," काका नंतर म्हणाले. "तोंड मोकळं असू दे, तोंडानं नक्षी चोरता येत नाय."

अशा या माणसाच्या फोनवर एका शुक्रवारी निरोप आला. जुने शेठ थकले होते आणि पेढीचं काम त्यांच्या नातीने हाती घेतलं होतं. तिने गोड आवाजात सांगितलं होतं, 'काका, आपके सँपल के फोटो भेजो ना, सोमवार तक. फिर देखते हैं.' मशीनवर कोरलेल्या डाय आता झटपट मिळतात, त्यामुळे हातकामाचे कारागीर किती ठेवायचे हे ती फोटो बघून ठरवणार होती. काकांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चाळीस वर्षं एकाच पेढीचं काम केलेलं.

"चाळीस वर्षं झाकलं, आन् आता फोनवर नाचवू?" काका गरजले, आणि फोनवरच पंचा टाकला.

संध्याकाळी काकी माझ्या दारात आल्या. "भाऊ, तुमी लॅबमधले. फोटोचं कायतरी करा. मागं ह्यांचा अंगठा दुखावला तवा आठ दिवस काम बंद होतं. आठ दिवसांत ह्यांनी माझं सैपाकघर लावून दिलं. सगळ्या डब्यांवर फडकी. मीठ शोधायला मला अर्धा दिवस लागला. काम कायमचं बंद झालं तर हा माणूस मला दिवसभर घरात झेपायचा नाय." मी हसलो. काकी हसल्या नाहीत. "झोपेतसुद्धा बोटं हलतात हो ह्यांची," त्या म्हणाल्या. "हातोडी गेली तर हे जेवायचे नाय."

मी कारखान्याच्या लॅबमध्ये रंगाचे नमुने तपासायचो आणि अहवालासाठी त्यांचे फोटोही काढायचो. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला छायाचित्रणातला जाणकार समजत होतो. शनिवारी सकाळी काकांनी कुरकुर करत एक पत्र्याचा डबा आणला. त्यात त्यांनी नमुना म्हणून स्वतःसाठी केलेल्या बारा डाय होत्या. आपल्याच खिशातून आपणच चोरी केल्यासारखा चेहरा करून त्यांनी एक बाहेर काढली. मी ऐटीत फोन धरला, फोटो काढला आणि काकांना दाखवला. पोलाद घासून लखलखीत केलेलं. फोटोत कैरीच्या मधोमध माझं नाक होतं.

"ही नक्षी कोण चोरणार नाय," काका म्हणाले.

अशा चकचकीत वस्तूला चारी बाजूंनी मऊ उजेड लागतो, त्यासाठी पांढरी पेटी करावी लागते, हे मला ऐकून माहीत होतं. पेटी कुठली आणायची? तेवढ्यात जवळच्या नवापूरची कोळीण जनीबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. काकींनी तिच्याकडून बोंबील घेतले आणि जोडीला एक थर्माकोलची बर्फाची पेटी मागितली.

"मासळी ठेवायला?" जनीबाईने विचारलं.

"नाय गो, फोटो काढायला."

"आमच्याकडं मासळी उघड्यावर ठेवून फोटो काढतात," जनीबाई म्हणाली. पण दुपारी झाकण तुटलेली एक पेटी आणून दिली.

काकींनी पेटी तीनदा धुतली. चिंच लावली, मीठ लावलं, उन्हात ठेवली. वास थोडा कमी झाला, गेला मात्र नाही. मी पेटी आडवी ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना आणि वर खिडक्या कापल्या आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला. काका नक्षी उतरवायला तोच कागद वापरायचे, त्यामुळे घरातच होता. आत पांढरा चार्ट पेपर, तळापासून पाठीपर्यंत वळवून. दोन बाजूंना दोन दिवे, एक काकांच्या कामाचा आणि एक माझ्या टेबलावरचा. तिसरा, काकींच्या देवघरातला, वरून टांगला. काका लांबून बघत होते.

"लॅबवाले, शेठचं घर शाकाहारी हाय," ते म्हणाले. "वास फोटोत जात नाय ना?"

मी दिवे लावले, डाय आणायला वळलो आणि परत येतो तो पेटीत मांजर. काकांचं नव्हे, शेजारच्या वाडीतलं, गरोदर. ऊब, पांढरीशुभ्र गादी आणि बोंबलाचा दरवळ. तिला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा वाडीत मिळाली नसती. तिला तीन वेळा बाहेर काढलं. चौथ्यांदा काकी काठी घेऊन राखणीला बसल्या. त्या गडबडीत तिचा एक फोटो मात्र निघून गेला आणि सांगायला हरकत नाही, त्या दिवसातला तोच सर्वांत चांगला होता.

रविवारी सकाळी सगळं जमून आलं. फोटोत माझं नाक नव्हतं, छपराची कौलं नव्हती, डाग नाही, चमक नाही. मी फोन काकांपुढे धरला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. काकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"कोणाचं काम हाय हे?"

"तुमचंच की. तुमची कैरी."

"माझी नाय. माझी खोल हाय. ही कागदावर काढलेली कैरी." त्यांनी डाय उचलून माझ्या नाकाखाली धरली. "ह्या देठापाशी मी चार दिवस घालवले. कुठं हाय तो देठ?"

मला राग आला. दोन दिवस राबलो होतो, सुट्टी गेली होती, हातांना बोंबलाचा वास लागला होता. मी त्यांना उजेडाचं शास्त्र सांगायला लागलो, सावली पडली तर फोटो खराब होतो, लॅबमध्ये आम्ही असंच करतो. काका डाय पुसून पुसून डब्यात ठेवायला लागले, एकेक, आणि काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. उद्या सोमवार होता. मला स्वतःची लाज वाटली, पण करायचं काय ते सुचेना. "एकच काढतो शेवटचा," मी म्हणालो आणि तीच कैरी पुन्हा पेटीत ठेवली.

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. जनीबाई आली होती. काकांचा उजवा हात खांद्याकडे गेला आणि पंचा थेट पेटीवर येऊन पडला. वरची खिडकी झाकली गेली, उजवीही झाकली गेली. त्याच वेळी दचकून माझं बोट फोनवर दाबलं गेलं.

"काय वो काका, माझ्याच पेटीत काय ठेवलंय ते माझ्यापासून लपवता?" असं म्हणत जनीबाई पाटी उतरवून माझ्या फोनमध्ये डोकावली. "अगो बाय! केवढी खोल हाय ही! बोट घालावं वाटतं."

मी पाहिलं. उजेड आता एका डावीकडूनच येत होता. कैरीच्या पोटात सावली उतरली होती आणि तिच्या काठावर, देठापाशी, केसाएवढी उजेडाची रेघ होती. पोलाद पोलादासारखं दिसत होतं. काकांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

"हां," ते म्हणाले. "ही माझी."

मग मला कोण विचारतो! पंचा किती ओढायचा, उजव्या खिडकीचा किती भाग झाकायचा, हे काका ठरवायला लागले. प्रत्येक डायचा देठ वेगळा, पाकळी वेगळी, म्हणून पंच्याची घडीही वेगळी. "लॅबवाले, उजेड सगळ्यांना देता येतो," ते मला शिकवत होते, "झाकायचं कुठं ते कळायला पायजे." चाळीस वर्षं झाकण्याचा सराव असलेला माणूस तो, माझं शास्त्र त्याच्यापुढे काय टिकणार! दुपारपर्यंत बारा फोटो झाले.

पाठवायच्या वेळी मात्र जुनं दुखणं उपटलं. पूर्ण नक्षी फोनवरून द्यायची नाही म्हणजे नाही. शेवटी बाराही फोटो पुन्हा काढले आणि प्रत्येकात पंच्याचं टोक निम्म्या नक्षीवर टाकलं. मी डोक्याला हात लावला. "काका, ती चिडेल. काम जाईल."

"जाऊ दे. बाकीचं बघायला ती आली तर काम हाय, नाय आली तर नाय." मी पाठवलं.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. काका कामावर बसले, पण हातोडीचा आवाज येत नव्हता. बुधवारी मीही काही ना काही निमित्त काढून घरीच राहिलो. अकराच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली आणि शेठची नात उतरली. मुंबईहून तीन तास प्रवास करून आली होती. "काका," ती पडवीत येत म्हणाली, "आधा क्या भेजा आपने? दो दिन से मैं बाकी आधा सोच रही हूँ!"

काकांनी आधी पंचा टाकला. मग तिच्या एका हातात चहाचा कप दिला आणि दुसऱ्या हातात चिवड्याची बशी. मग पंचा हळूच मागे घेतला. पोरगी बारा डायांवर वाकून बघत होती, हात लावायची सोय नव्हती. "काका, ये प्लेट कहाँ रखूँ?" तिने दोनदा विचारलं. "खाव ना, घरचा हाय," काका म्हणाले. शेवटी तिने उभ्याउभ्याच सांगितलं, लग्नसराईसाठी सहा नवे नग करा, पण प्रत्येक नगाचा फोटो पाठवायचा.

"आधा," काका म्हणाले.

ती हसली. "ठीक है, आधा."

ती गेल्यावर काकी आत जाऊन रडल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चला, माझं मीठ वाचलं."

पेटी पडवीतच राहिली. पुढची दोन वर्षं काका स्वतः फोटो काढायचे आणि मला फक्त दाखवायचे, तेही अर्धे. मग मला गावाकडे, आईवडिलांजवळ नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढलं आणि मी निरोप घ्यायला पडवीत गेलो. काका कामावर होते. मी पायरी चढलो. त्यांचा हात खांद्याकडे गेला नाही.

काकींनी चहा आणला. मी सवयीने दुसरा हात पुढे केला, बशीसाठी. बशी नव्हती. माझा डावा हात तसाच पुढे राहिला आणि काय करावं ते मला कळेना. काकांनी भिंग काढलं, समोरची डाय उचलली. नवी होती, पेढीलासुद्धा अजून न दाखवलेली, पारिजातकाचं फूल. ती त्यांनी माझ्या त्या मोकळ्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या अंगठ्याने जोर देऊन दाबली, चांगले पाच-दहा आकडे मोजेपर्यंत. मग उचलून घेतली. तळहातावर फूल उठलं होतं, सहाही पाकळ्या आणि देठ.

"पूर्ण हाय," काका म्हणाले. "आता चहा प्या."

मी उजव्या हातातला चहा संपवला. वाकून नमस्कार केला आणि टेम्पोत जाऊन बसलो. ड्रायव्हर काहीबाही विचारत होता, पाणी हवं का, खिडकी लावू का. मी काही धरलं नाही आणि कशाला हातही लावला नाही. हायवे येईपर्यंत डावी मूठ मिटून ठेवली होती.