ओट्यावरची चिंधी

मिक्सर सुरू झाला आणि ओट्यावरून हळूहळू सरकायला लागला. काल मीच तो दुरुस्त केला होता. भांडं ज्याच्यावर बसतं तो दातेरी कपलर पार झिजला होता. मुलगा नवा मिक्सर मागवायला निघाला होता, पण मी हट्टाने दुपारभर खटपट करून कपलर बदलला आणि शेजारच्या वहिनींनासुद्धा बघायला बोलावलं. पुसताना खाली चिकटलेली एक कळकट चिंधी तेवढी फेकून दिली.

त्या चिंधीचं काम आज कळलं. मिक्सरचा एक रबरी पाय कधीच गळून पडला आहे. तिथे बायको कापडाची घडी सरकवायची, विटली की बदलायची. ह्याला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही, बघायलाही कुणी आलं नाही. घरातल्या किती वस्तू अशा कुणाच्या तरी नुसत्या लक्षावर उभ्या असतील, आणि मी आपला म्हणत असतो, जुनं ते टिकाऊ!

तिने बटण बंद केलं, मिक्सर थोडा कलता केला आणि जुन्या परकराचा तुकडा घडी करून त्या कोपऱ्याखाली सारला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनी दारात आल्या.

"काय मग, चालतोय का नीट?"

"अगदी नव्यासारखा," बाहेर लोंबणारा धागा बोटाने आत खोचत ती म्हणाली. "ह्यांनी केलाय ना."

वहिनींनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मला मात्र कुठे पाहावं ते कळेना.