पागेची पश्चिम भिंत

"मला भ्या वाटतंय, सायेब."

हे वाक्य मिस्त्री इतकं सहज बोलत, की ऐकणाराच गोंधळून जाई. सहा फुटी माणूस, दगड उचलायला कुणाची वाट न बघणारा. आमच्या भागात घराघरांतून पोरं पलटणीत गेलेली. गडीमाणसानं चारचौघांत भीती बोलून दाखवायची तिथं पद्धत नव्हती. मिस्त्री मात्र भिंतीला तळवा लावून उभे राहत आणि तंबाखू मागावी तशा आवाजात सांगत, "भ्या वाटतंय."

दुष्काळानंतरचं वर्ष होतं. मी नुकताच ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. खेड्यापाड्यांतल्या पडक्या सरकारी इमारती दुरुस्त करून तिथं शाळा, दवाखाने काढायला अनुदान आलं होतं. कुंडलच्या पलीकडं एका गावात संस्थानी अमलातली घोड्यांची पागा होती. छप्पर बसलेलं, आत घाणेरी माजलेली. तिथं दवाखाना व्हायचा होता, बाळंतपणाच्या खोलीसकट. अट एकच : काम दुरुस्तीचंच हवं. जुनी भिंत उतरवून नवी बांधली, तर अनुदान परत.

सरपंच निवृत्त सुभेदार होते. त्यांची थोरली सून बाळंतपणात अडली तेव्हा तिला बैलगाडीतून सांगलीला नेत होते. ती वाटेतच गेली. त्यानंतर या दवाखान्यासाठी त्यांनी किती हेलपाटे घातले, ते त्यांनाच ठाऊक.

काम सुरू झालं आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी मिस्त्री अडले. तुम्ही-आम्ही पाहिली असती, तर तीच भिंत सगळ्यांत धड म्हटली असती. मिस्त्रींनी वरून ओळंबा सोडला; वजनाची दोरी मधेच भिंतीच्या फुगवट्याला टेकली.

"बगा. दोन बोटं पोट सुटलंय हिचं. मला भ्या वाटतंय."

"गिलावा करून घ्या. गुरुवारी मोठे साहेब बघायला येतायत," मी म्हणालो.

मिस्त्री खाली बसले. म्हणाले, "पाटणकडं माज्या मेव्हणीचं घर हुतं. तिच्या भिताडाचं असंच पोट सुटल्यालं. मीच वरनं गिलावा केला. लय झ्याक दिसत हुती. मग भूकंप झाला."

ओळंब्याची दोरी गुंडाळत ते उठले. पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही.

गिलावा अडलाय हे कळताच बुधवारी सकाळी सुभेदार तावातावानं आले. "मिस्त्री, भिताडाला काय भ्यायचं? मी लढाईत तोफा ऐकल्यात!"

"व्हय, सुभेदार. लावतो गिलावा. पर आदी तुमी दोगं हितं बसा जरा. बाळंतिणीची खाट हितंच येणार न्हवं?"

आम्ही भिंतीला पाठ टेकून बसलो. सुभेदार हसत होते. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, आणि माझ्या पाठीमागं, भिंतीच्या आत, काहीतरी सरकलं. खर्र. माती घरंगळावी तसं. मग शांत. दुसरा ट्रक गेला. पुन्हा खर्र, या वेळी वरपासून पार खालपर्यंत. सुभेदारांनी माझं मनगट धरलं. मला ओढतच ते बाहेर निघाले.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ फेटा नीट करत राहिले. मग म्हणाले, "पाडा."

"अनुदान जाईल," मी म्हणालो. माझी नोकरीही जाईल, हे बोललो नाही.

"जाऊ द्या. सून गेली ती वाटंवर गेली. हितं कुनी गेलं, तर ते आमीच मारल्यालं हुईल."

त्याच दुपारी भिंत उतरवायला घेतली. वरचे दोनच थर निघाले होते. तिसऱ्याला पहार लागली आणि सगळी भिंत आपणहून बाहेरच्या बाजूला गेली. धुरळ्यात मिस्त्री दिसेनात. आम्ही हाका मारल्या. सुभेदार नुसत्या हातांनी दगड उपसू लागले. तेवढ्यात उत्तरेच्या कोपऱ्याआडून मिस्त्री बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. पहार घट्ट धरलेली. ती त्यांना ठेवताच येईना; बोटं सुटत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं.

गुरुवारी साहेब आले. "कुणाच्या परवानगीनं पाडली?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री पुढं झाले. "म्याच पाडली, सायेब. मला भ्या वाटलं."

त्यांनी साहेबांना ढिगाऱ्यापाशी नेलं. दोन्हीकडून दगडाचे पातळ पापुद्रे, मधे नुसती माती आणि उंदरांची बिळं. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारा आडवा दगड एकही नाही. साहेबांनी एका बिळात काठी घातली; ती मुठीपर्यंत आत गेली. काठी झटकून ते जीपमध्ये बसले.

काम चार महिने बंद राहिलं. माझ्याकडून खुलासा मागवला गेला. त्या दिवसांत पोस्टमन दिसला की मी हातातलं टाकून दारात जाऊन उभा राही. सुभेदार तर कचेरीच्या पायरीवर येऊन बसत आणि टपाल वाटून झालं की परत जात. अखेर पत्र आलं : भिंत गावानं श्रमदानानं उभारावी, बाकीच्या कामाला अनुदान चालू राहील. मिस्त्रींनी गावकऱ्यांकडून ती बांधून घेतली. आडवे दगड मात्र कुणाच्या हाती दिले नाहीत. सगळे स्वतः बसवले.

पावसाळा सरता सरता तिथं पहिलं बाळंतपण झालं. मुलगी झाली. सुभेदार पेढ्यांची पुडी घेऊन मला बरोबर ओढत मिस्त्रींच्या घरी निघाले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "आवं, बिऱ्हाड घिऊन गेलं की ते. कर्नाटकाकडं, कुटल्याशा देवळाच्या कामाला. कवा येत्यात, ठावं न्हाई."

सुभेदारांनी पुडी सुतळीनं दाराच्या कडीला बांधली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या बाजूनं गेलो. कुलूप तसंच होतं. पुडी नव्हती. कडीला सुतळीचा तुकडा तेवढा लोंबत होता, टोकाला एक खडा बांधलेला, ओळंब्यासारखा.