वंदनाचा तवा खुंटीवर

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, नांदुरा तालुक्यातल्या एका लहान गावात सात बायका तापलेले तवे घेऊन हापशीपासून (हातपंप) चर्चच्या दारापर्यंत धावल्या.

मी आठच्या बसने पोहोचलो होतो. रस्त्याकडेला पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्या) ढीग होते. ख्रिस्ती वस्ती चर्चमागे, बावीस घरांची. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, तेल-तूप बंद. म्हणून उरलेलं तेल आज ज्वारीच्या धिरड्यांत संपवतात. शर्यत कुणी सुरू केली, यावर एकमत नाही.

नियम साधे आहेत. धावताना धिरडं तीनदा उडवून उलटायचं. दुमडलं तर थांबून हाताने उलगडायचं. जिंकणारीचा तवा ईस्टरपर्यंत चर्चच्या खुंटीवर राहतो. तोवर तिच्या घरी भाकरी इतर घरांतून जातात, पाळीपाळीने. पहिली पाळी दुसऱ्या आलेल्या बाईची.

सदुसष्ट वर्षांच्या लीलाबाई चुलीपाशी पीठ ढवळत होत्या. पावसाळ्यात त्यांचे पती वारले. घरी दुसरं कुणी नाही.

"एकटीची एकच भाकर थापू थापू कटाळा आला," त्या म्हणाल्या. "यंदा मले जितनंच हाय. कोणी तं येईन दारात."

शेजारच्या चुलीवर अंगणवाडी सेविका वंदना होती. "काऊन वो मावशी, गुडघा बरा हाय ना? का ऑटो सांगू?"

"तू आपलं धिरडं सांभाळ. मांगच्या साली कुत्र्यानं खाल्लं व्हतं तुहं."

चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरू) घंटा वाजवली. मी फोटोसाठी वाटेत उभा होतो. "बाजूले व्हा भाऊ, भाजसान!" कुणीतरी ओरडलं. मी नालीत उतरलो. डावा बूट भिजला.

निम्म्या वाटेपर्यंत लीलाबाई पुढे होत्या. तिसऱ्यांदा उडवलेलं धिरडं तव्यात दुमडून पडलं. त्या थांबल्या, बोटं भाजत घडी उलगडली. तेवढ्यात वंदना पुढे गेली. लीलाबाई चार पावलांनी दुसऱ्या आल्या.

वंदनाचा तवा खुंटीवर चढला. सगळ्यांनी धिरडी ठेच्याशी खाल्ली. लीलाबाईंनी एकच घेतलं आणि बोटं पाण्यात बुडवून बसल्या. मग त्यांनी वंदनाला हाक मारली.

"घरी चौघंच ना वं तुमी?"

"हाव मावशी. पाळीचं म्हणत असान तं राहू द्या. हात भाजला तुमचा."

"पाळी माही हाय."

मी मुक्काम गावातच, एका शिक्षकांकडे केला. बुधवारी सकाळी बसथांब्यावर उभा असताना लीलाबाई समोरून आल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या, डोक्यावर फडक्यात बांधलेली टोपली. किती भाकरी, मी विचारलं.

"दहा. आठ त्यायच्या, दोन माह्या. तिथीच बसून खाईन."

आठ वाजून पाच मिनिटांनी त्या थांब्यावरून दिसणाऱ्या वंदनाच्या घरात गेल्या. नांदुऱ्याची बस साडेआठला सुटली. तोवर त्या बाहेर आल्या नव्हत्या.